हमी आठ वर्षांची, नोंदणी पंधरा वर्षांची : हायब्रिड बॅटरीच्या खर्चाचा आढावा

हायब्रिड गाडी घेण्याचा विचार घरात सुरू झाला, की मायलेज, किंमत, रंग यांवर बोलून झाल्यावर एक प्रश्न हमखास येतो : "सगळं ठीक, पण बॅटरी गेली तर?" शोरूममधला विक्रेता सांगतो, आठ वर्षांची वॉरंटी आहे, काळजी नको. ओळखीचा मेकॅनिक सांगतो, लाखांत जाईल, विचार करा. दोघांपैकी कुणीही फसवत नसते. विक्रेता गाडीच्या पहिल्या आठ वर्षांबद्दल बोलत असतो, मेकॅनिक त्यापुढच्या वर्षांबद्दल. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. हमी संपल्यापासून नोंदणी संपेपर्यंतच्या सात वर्षांत बॅटरीने दगा दिला, तर तो खर्च कुणाच्या खिशातून जाणार, हा या चर्चेचा गाभा आहे.

जगात ही चर्चा पाव शतकाहून जुनी आहे. भारतात ती आता रंगात येते आहे, कारण हायब्रिड गाड्यांची पहिली मोठी लाट २०२२ मध्ये आपल्या रस्त्यांवर आली आणि त्या गाड्यांची हमी वर्षांच्या हिशेबाने २०३० पासून संपू लागेल. तोपर्यंत हातात काही वर्षे आहेत. म्हणून या प्रश्नाचे कुठले पदर उलगडले आहेत आणि कुठले अजून गुंतलेले आहेत, हे आताच पाहून घेणे गरजेचे वाटते.

कुठल्या बॅटरीबद्दल बोलतो आहोत?

चर्चेतला निम्मा गोंधळ 'बॅटरी' या एका शब्दाने होतो. हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक नेहमीची १२ व्होल्टची. दिवे, कुलपे, संगणक तिच्यावर चालतात. ती काही वर्षांनी बदलावी लागते आणि तिचा खर्च हजारांतच राहतो. दुसरी मोठी, उच्च दाबाची बॅटरी, जी मोटर फिरवते. गाडी बरेच दिवस उभी राहून १२ व्होल्टची बॅटरी उतरली, तरी डॅशबोर्डवर इतके इशारे एकदम पेटू शकतात, की मालकाला मोठी बॅटरीच गेल्यासारखे वाटते. त्यामुळे मोठ्या बॅटरीवर शिक्का मारण्याआधी छोटी तपासणे ही जाणत्या कारागिराची पहिली पायरी असते.

दुसरा गोंधळ माइल्ड आणि स्ट्राँग हायब्रिडचा. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ आणि अर्टिगामध्ये आणलेली एसएचव्हीएस यंत्रणा माइल्ड प्रकारची होती. त्यात मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही, म्हणून बॅटरीही लहान. स्ट्राँग हायब्रिड काही अंतर इंजिन बंद ठेवून निव्वळ विजेवर धावते. या लेखातला खर्च या दुसऱ्या प्रकारचा आहे.

स्ट्राँग हायब्रिडची बॅटरीही आकाराने वाटते तेवढी मोठी नसते. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये १७७.६ व्होल्टचा लिथियम-आयन पॅक असतो आणि त्याची साठवण पाऊण युनिटच्या आसपास. पूर्ण विजेवर चालणाऱ्या मोटारीत ३० ते ६० युनिटांची बॅटरी सर्रास दिसते. म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचे ऐकीव आकडे हायब्रिडला लावणे चुकीचे आहे. टाकी आणि तांब्या यांची किंमत एकच कशी असेल?

पार्श्वभूमी : प्रियसपासून हायक्रॉसपर्यंत

टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस आणली आणि २००० साली ती जगभर विकायला काढली. होंडाची इनसाइट १९९९ च्या अखेरीस अमेरिकेत पोहोचली. दोन्हींत निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी होती. २००४ ते २००९ या काळातली दुसऱ्या पिढीची प्रियस जगभर गाजली. तिच्या पॅकची रचना समजली की खर्चाचे बरेचसे गणित समजते. साधारण किलोभर वजनाचे २८ मॉड्यूल, प्रत्येकात सहा सेल, असे १६८ सेल एका माळेत ओवलेले आणि एकूण दाब २०१.६ व्होल्ट. आपल्याकडच्या इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडमध्येही १६८ सेलचा निकेल-मेटल हायड्राइड पॅकच आहे. त्यामुळे प्रियसचा अनुभव आपल्यासाठी निव्वळ परदेशी गोष्ट राहत नाही.

ग्राहकांची भीती पहिल्या दिवसापासून होती आणि कंपन्यांनी तिला हमीने उत्तर दिले. अमेरिकेत टोयोटाने हायब्रिड भागांना ८ वर्षे किंवा १ लाख मैलांची हमी दिली. कॅलिफोर्निया आणि तिचे प्रदूषण नियम पाळणाऱ्या राज्यांत ती १० वर्षे किंवा दीड लाख मैलांपर्यंत गेली. २०२० च्या मॉडेलपासून टोयोटाने बॅटरीसाठी हीच मोठी हमी सगळ्या अमेरिकेला लागू केली. ब्रिटनमध्ये वेगळा मार्ग निघाला. तिथे दरवर्षी अधिकृत केंद्रात हायब्रिड तपासणी करून घेतली, तर गाडी १५ वर्षांची होईपर्यंत बॅटरीचे संरक्षण वाढत जाते.

भारतात होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली, २०१० मध्ये प्रियस आली, २०१३ मध्ये कॅमरी हायब्रिड. पण त्या महाग होत्या आणि मोजक्यांनी घेतल्या. खरी सुरुवात २०२२ मध्ये झाली. मे महिन्यात होंडा सिटी ई:एचईव्ही, सप्टेंबरमध्ये हायरायडर आणि ग्रँड विटारा, वर्षाच्या शेवटी इनोव्हा हायक्रॉस. तिन्ही कंपन्यांनी हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी दिली. हे अंतर १ लाख मैलांच्या जवळपास भरते, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या हमीचाच हा मेट्रिक अवतार.

बॅटरी दमते कशी?

हायब्रिडची बॅटरी कधी पूर्ण भरली जात नाही आणि कधी पूर्ण रिकामी केली जात नाही. प्रियसचा संगणक ती साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यातच खेळवतो. ब्रेक मारला की थोडी भरते, वेग घेताना थोडी उतरते. या उथळ वापरामुळेच ती मोबाइलच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त वर्षे टिकते.

मग बिघडते काय? सेल माळेत असल्यामुळे सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. एखादा सेल इतरांपेक्षा अशक्त झाला, तर तो लवकर उतरतो, लवकर भरतो, जास्त तापतो आणि तापल्यामुळे आणखी अशक्त होतो. संगणकाला मॉड्यूलांमधल्या दाबाचा फरक ठरावीक मर्यादेबाहेर दिसला, की तो 'पी-०-ए-८०' हा दोष नोंदवतो. त्या नोंदीचा अर्थच 'हायब्रिड पॅक बदला' असा आहे. प्रत्यक्षात त्या क्षणी २८ पैकी एक-दोन मॉड्यूलच खंगलेले असू शकतात. खर्चाच्या वादाचे बीज इथे आहे : संगणक पूर्ण पॅक बदलायला सांगतो आणि कारागिराला एकच मॉड्यूल आजारी दिसते.

बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत पॅक केबिनमधल्या हवेने थंड होतो. मागच्या आसनाजवळच्या जाळीतून पंखा हवा ओढतो. ती जाळी धुळीने, कुत्र्याच्या केसांनी किंवा वर ठेवलेल्या सामानाने बुजली, की पॅक आतल्या आत भाजत राहतो. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी आणि पुण्यात तळघरात उभी राहणारी गाडी, दोघींच्या बॅटरीचे म्हातारपण सारख्या वयात येणार नाही. याशिवाय मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर गंज चढतो. आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली, तर सेल आपोआप कमी-जास्त उतरून त्यांच्यातला तोल जातो.

खर्चाचे चार रस्ते

बॅटरी खरोखर गेलीच, तर मालकापुढे साधारण चार रस्ते असतात. अमेरिकेतल्या प्रियसवर हे चारही तुडवून झाले आहेत, म्हणून दाखले तिथले घेऊ.

पहिला रस्ता अधिकृत केंद्रातून नवा पॅक. २०११ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने प्रियसच्या नव्या पॅकची डीलरकडची किंमत २,२०० ते २,६०० डॉलर नोंदवली होती. आज मजुरी धरून त्याहून बरेच जास्त लागतात आणि मोठ्या एसयूव्हीच्या पॅकसाठी आकडा आणखी चढतो. यात जुना पॅक परत केल्यावर मिळणारी वजावट महत्त्वाची असते. आपण इन्व्हर्टरची जुनी बॅटरी देऊन नवी घेताना जी सूट मागतो, तशीच, पण हजार डॉलरच्या वरची. दर सांगताना काही जण ती धरतात, काही धरत नाहीत. एकाच गाडीचे दोन भाव कानावर येण्यामागे हे एक मोठे कारण असते.

दुसरा रस्ता भंगारातल्या गाडीचा पॅक. त्याच अहवालात अशा पॅकची किंमत ५०० डॉलरच्या आसपास होती. स्वस्त खरा, पण त्याचे वय आणि इतिहास ठाऊक नसतो. दहा वर्षांच्या गाडीत दहा वर्षांचाच पॅक बसवला, तर आजचे मरण उद्यावर ढकलले इतकेच.

तिसरा रस्ता पुनर्बांधणीचा. कारागीर पॅक उघडतो, प्रत्येक मॉड्यूल भरून-उतरवून त्याची ताकद मोजतो, अशक्त काढून सारख्या ताकदीची जुळवतो, पट्ट्या साफ करतो. अमेरिकेत हा मोठा धंदा आहे. घरपोच येऊन पॅक बसवून देणाऱ्या सेवा साधारण एक ते दोन हजार डॉलरमध्ये हे काम करतात. त्यांची हमी मात्र काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत, ज्याची त्याची वेगळी.

चौथा रस्ता इतरांनी बनवलेल्या नव्या पॅकचा. मूळ कंपनीशिवाय इतर उत्पादकांनी नवे निकेल सेल, अलीकडे लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल वापरून जुन्या प्रियससाठी पॅक काढले आहेत. मूळ गाडीचा संगणक निकेलच्या स्वभावाला धरून बनवलेला असल्यामुळे दुसऱ्या रसायनाशी त्याचे कितपत जमते, यावर जाणकारांत दुमत आहे.

इथे एक कोडे नेहमी विचारले जाते. ब्लूमबर्ग-एनईएफच्या वार्षिक पाहणीनुसार २०२४ मध्ये लिथियम-आयन पॅकची जागतिक सरासरी किंमत दर युनिट क्षमतेला ११५ डॉलरवर आली होती. त्या हिशेबाने पाऊण युनिटचा हायब्रिड पॅक सात-आठ हजार रुपयांत यायला हवा. तसा तो कुठेच येत नाही. कारण सरासरीतला आकडा मोठ्या, साठवणीसाठी बनवलेल्या पॅकचा आहे. हायब्रिडचा सेल साठवणीपेक्षा क्षणात भरपूर ताकद देण्या-घेण्यासाठी बनतो आणि युनिटमागे महाग पडतो. शिवाय पेटी, दाब मोजणारी यंत्रणा, रिले, पंखा, सुरक्षा प्लग हे सारे पाऊण युनिटलाही लागते आणि साठ युनिटांनाही. त्यावर सुटे भाग म्हणून साठवण, वाहतूक, वितरकाचा नफा, कर आणि मजुरी. म्हणून सेलचे भाव कोसळले तरी बदलीचा खर्च त्याच वेगाने उतरत नाही.

पहिली भूमिका : भीती वास्तवापेक्षा मोठी आहे

या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या त्याच २०११ च्या चाचणीचा. संस्थेने दोन लाख मैलांहून जास्त, म्हणजे सुमारे ३ लाख ३० हजार किलोमीटर धावलेली २००२ ची प्रियस आपल्या मार्गावर पळवली आणि दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या जवळपास नव्या प्रियसच्या चाचणीशी तिची तुलना केली. सरासरी मायलेज तेव्हा गॅलनला ४०.६ मैल होते, आता ४०.४ भरले. वेग घेण्यातही नगण्य फरक होता. बॅटरी मूळचीच होती.

हे मत मांडणारे आणखी एक मुद्दा पुढे करतात. साध्या गाडीचाही मोठा खर्च निघतोच : क्लच, गिअरबॉक्स, टर्बो, डिझेलचे इंजेक्टर. टोयोटाच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये नेहमीचा क्लच नसतो, स्टार्टर मोटर नसते, आणि ब्रेकचे बरेचसे काम मोटर करत असल्याने ब्रेक पॅड जास्त टिकतात. बॅटरीच्या खर्चातून हे वाचलेले खर्च वजा केल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, असे त्यांचे म्हणणे.

उलान बातोर किंवा कोलंबोच्या रस्त्यांवर जपानमधून आलेल्या जुन्या हायब्रिड गाड्यांची गर्दी आहे. उत्पन्न बेताचे असलेल्या देशांतले लोक दहा-दहा वर्षे जुन्या हायब्रिड विश्वासाने घेतात, यातच बॅटरीचा खर्च पेलण्याजोगा असल्याचा पुरावा या बाजूला दिसतो.

दुसरी भूमिका : खर्च खरा आहे, फक्त पुढच्या मालकावर ढकललेला

दुसरी बाजू या दाखल्यांवर नेमके बोट ठेवते. तीन लाख किलोमीटर नऊ वर्षांत धावलेली गाडी सतत चालती राहिलेली असते. तेवढ्याच वर्षांत पन्नास-साठ हजार किलोमीटर धावून जास्त वेळ उभी राहिलेल्या गाडीची बॅटरी वेगळ्या कारणाने म्हातारी होते. एका गाडीवरून सगळ्यांचा निष्कर्ष काढता येत नाही. आणि रसायन, थंडाव्याची रचना, सॉफ्टवेअर बदलले की टिकाऊपणाही बदलतो.

याचा ठळक दाखला २००६ ते २००८ च्या होंडा सिव्हिक हायब्रिडचा. अमेरिकेत तिच्या बऱ्याच गाड्यांच्या बॅटऱ्या अपेक्षेआधी दमल्या. २०१० मध्ये कंपनीने सॉफ्टवेअर बदलले. त्याने बॅटरीवरचा ताण घटला, पण मायलेजही घटल्याची तक्रार मालकांनी केली. पुढे सामूहिक दावा झाला, २०१२ मध्ये तडजोड मंजूर झाली आणि त्या वर्षांच्या गाड्यांना बॅटरीची वाढीव हमी मिळाली. त्यावरून ही बाजू सांगते, की 'हायब्रिड बॅटरी टिकते' असे सरसकट विधान करता येत नाही. कुठली गाडी, कुठली पिढी, कुठले हवामान, हे सांगितल्याशिवाय त्या विधानाला अर्थ नाही.

यांचा सामाजिक मुद्दाही दुर्लक्षण्यासारखा नाही. नवी गाडी घेणारा सधन ग्राहक हमीच्या काळात मायलेजचा फायदा घेतो आणि गाडी विकतो. बॅटरी थकते तेव्हा ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असते, जो ती परवडते म्हणून घेतो. बाराव्या वर्षी बॅटरीचा खर्च गाडीच्या बाजारभावाला भिडला, तर गाडी दुरुस्त न करता भंगारात काढावी लागते, आणि तोटा ज्याला सोसवत नाही त्याच्यावरच येतो.

तिसरी भूमिका : बदलू नका, दुरुस्त करा

तिसरी बाजू कारागिरांची आहे. २८ पैकी दोन मॉड्यूल गेली म्हणून २६ फेकायची का, हा त्यांचा साधा सवाल. अधिकृत केंद्रे यावर सांगतात, की एकाच वयाची सगळी मॉड्यूल सारखीच थकलेली असतात. दोन बदलली, की चार महिन्यांनी तिसरे मान टाकते. मालक एकाच बॅटरीसाठी पुन्हा पुन्हा मजुरी भरतो. शिवाय २०० व्होल्टच्या थेट प्रवाहाशी गाठ आहे. नारिंगी केबल, सुरक्षा प्लग, इन्सुलेटेड हातमोजे यांची शिस्त न पाळता पॅक उघडणे जिवावर बेतू शकते.

दोन्हीत तथ्य आहे. सगळी मॉड्यूल मोजून, जुळवून केलेली पुनर्बांधणी आणि एक मॉड्यूल उपटून दुसरे खोचण्याची घाई, या दोन गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात, ही अडचण आहे. ग्राहकाला त्यांतला फरक कळण्याची सोय अजून नीट झालेली नाही.

भारतात या वादाला कायद्याचीही बाजू आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधणारी उपकरणे बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळत नाहीत, हा ठपका होता. कंपन्यांनी त्या आदेशाला आव्हान दिले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. कंपन्या सुरक्षेचे कारण देतात, ग्राहक चळवळ मक्तेदारीचे. हायब्रिड बॅटरीत ही दोन्ही कारणे एकाच पेटीत बंद आहेत.

आपल्याकडचा हिशेब

आता आकडे आपल्या अंगणात आणू. मायलेजचे अधिकृत आकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या प्रमाणपत्रातून येतात. तिच्या नोंदीनुसार इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड लिटरला २३.२४ किलोमीटर देते आणि साधी पेट्रोल हायक्रॉस १६.१३. वर्षाला १५ हजार किलोमीटर धरले, तर साध्या गाडीला सुमारे ९३० लिटर पेट्रोल लागते, हायब्रिडला ६४५. बचत २८५ लिटर. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले तर वर्षाला साडेएकोणतीस हजार, आठ वर्षांत २ लाख ३६ हजारांच्या आसपास. किलोमीटरला हे सुमारे दोन रुपये पडतात.

आता बॅटरी. पॅकचा भाव मॉडेलनुसार आणि काळानुसार बदलतो, म्हणून एक साधे माप वापरता येईल. बॅटरी दोन लाख किलोमीटर टिकली, तर तिच्या किमतीतल्या दर एक लाख रुपयांमागे किलोमीटरला ५० पैसे पडतात. दीड लाखाची बॅटरी असेल तर ७५ पैसे, तीन लाखांची असेल तर दीड रुपया. दोन रुपयांच्या इंधन बचतीसमोर हा आकडा ठेवला की भीतीला माप मिळते. अर्थात हायब्रिडची जास्तीची खरेदी किंमतही याच बचतीतून वसूल व्हायची असते. शिवाय बचत शहरातल्या थांबत-धावत वाहतुकीत मोठी असते आणि द्रुतगती महामार्गावर सलग वेगाने जाताना आटते. ज्याचा प्रवास मुख्यतः मुंबई-पुणे महामार्गावर होतो आणि जो रोज हिंजवडी-कोथरूड करतो, त्यांची उत्तरे वेगळी येतील.

हमीच्या दोन अटीही दोन प्रकारच्या लोकांना वेगळ्या लागतात. घरची गाडी वर्षाला १५ हजार धावली, तर आठ वर्षांत १ लाख २० हजार होतात. म्हणजे आधी वर्षे संपतात. प्रवासी व्यवसायातली गाडी महिन्याला ५ हजार धावली, तर १ लाख ६० हजार किलोमीटर ३२ महिन्यांत पुरे होतात. तिची हमी तीन वर्षांच्या आत संपते. टूरवाल्यांनी हायब्रिड घेताना हमीच्या कागदावरच्या व्यावसायिक वापराच्या अटी आधी वाचायला हव्यात.

कर हा आणखी एक घटक. लिथियम-आयन बॅटरीवर २०१८ पासून १८ टक्के जीएसटी आहे, पण इतर रसायनांच्या बॅटऱ्यांवर तो २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्याच बॅटऱ्या १८ टक्क्यांत आल्या. निकेल पॅकच्या मालकांना मूळ किमतीच्या दर लाखामागे दहा हजारांचा हा दिलासा आहे.

विम्याकडे मात्र थोडे लक्ष देऊन पाहावे लागते. झीज होऊन दमलेली बॅटरी साध्या विम्यात बसत नाही. अपघात किंवा पुराने बिघडली तर बसते, पण आपल्या मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात टायर, प्लास्टिक आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. ही तरतूद काही हजारांच्या बॅटरीचा काळ डोळ्यांसमोर ठेवून झाली होती. लाखांच्या पॅकला तीच कात्री लागली, तर निम्मा भार मालकावर येतो. दरवर्षी पाणी साचणाऱ्या मुंबईत किंवा पुराचा अनुभव घेतलेल्या सांगली-कोल्हापुरात घसारा न कापणारी आणि हायब्रिड भागांना धरणारी पुरवणी घेतली आहे का, हे पॉलिसीवर पाहून घेतलेले बरे.

उत्पादन आणि पुनर्वापर

येत्या दशकात खर्च कुठे जाईल, हे बरेचसे देशी उत्पादनावर ठरेल. गुजरातमधल्या हंसलपूर इथे सुझुकी, तोशिबा आणि डेन्सो यांच्या संयुक्त कारखान्यात हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीचे इलेक्ट्रोड देशातच बनवण्याच्या कामाचे उद्घाटन २६ ऑगस्ट २०२५ रोजी झाले. महाराष्ट्रात टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगर इथे सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी करार केला. तिथे इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या बनणार आहेत. उत्पादन वाढले की सुट्या भागांचा साठा वाढतो, अपघातातल्या गाड्यांचे पॅक बाजारात येतात, कारागीर तयार होतात. अमेरिकेत प्रियसचे भाव याच वाटेने आवाक्यात आले.

जुन्या पॅकचेही मोल आहे. त्यात निकेल, कोबाल्ट, तांबे असते. अमेरिकेत टोयोटा जुना पॅक परत आणणाऱ्या डीलरला २०० डॉलर देत असे. आपल्याकडे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वाहन ओढणाऱ्या बॅटऱ्या, हायब्रिडच्या धरून, परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. जुन्या पॅकचा रास्त भाव मालकाच्या बिलात वजा होतो की नाही, यावर त्या नियमाचा ग्राहकाला किती उपयोग झाला ते कळेल.

काय सुटलेले नाही?

पहिला न सुटलेला प्रश्न आपल्या उष्णतेचा. परदेशातला सगळा अनुभव आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्याला लागू पडेलच असे नाही. इथल्या गाड्या दहा-बारा वर्षांच्या होतील तेव्हाच खरे उत्तर मिळेल.

दुसरा, आरोग्याच्या दाखल्याचा. जुनी हायब्रिड घेणाऱ्याला बॅटरी किती उरली आहे, हे सांगणारा सर्वमान्य कागद नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमावलीत वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी २०२७ पासून डिजिटल पासपोर्ट आणला आहे. आपल्याकडे पीयूसीसारखी साधी, स्वस्त बॅटरी तपासणी असावी का, आणि ती कुणी करावी, कंपनीने की स्वतंत्र केंद्राने, यावर चर्चा व्हायला हवी.

तिसरा, किमतीच्या पारदर्शकतेचा. गाडी विकताना पॅकची आजची किंमत, मजुरी आणि जुन्या पॅकची वजावट लेखी सांगणे कंपन्यांना बंधनकारक असावे, असे ग्राहकांच्या बाजूचे लोक म्हणतात. भाव आठ वर्षांत बदलणार, आजचा आकडा दिशाभूल करेल, हा उद्योगाचा प्रतिवाद. दोन्ही मुद्दे विचारात घेण्याजोगे आहेत.

चौथा, हमीनंतरच्या सात वर्षांचा. ब्रिटनसारखी दरवर्षीच्या तपासणीला जोडलेली वाढीव हमी, स्वतंत्र बॅटरी विमा, की पुनर्बांधणी करणाऱ्या कारागिरांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र? तिन्ही उपाय एकमेकांना पूरक ठरू शकतात. पण प्रत्येकात खर्च वेगळ्या माणसाकडे जातो.

एवढे पाहिल्यावर सुरुवातीच्या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर देता येते. बॅटरी गेली तर खर्च मोठा आहे, पण इंधनाच्या बचतीपुढे मोजता येण्याजोगा आहे, आणि बऱ्याच गाड्यांत तो हमीच्या काळात येत नाही. उरलेले अर्धे उत्तर हमीचा कागद, जाळीवरची धूळ, विम्याची पुरवणी आणि बॅटरीच्या आरोग्याची नोंद यांत आहे. २०३० मध्ये पहिल्या हायब्रिड गाड्या दुसऱ्या मालकांच्या दारात उभ्या राहतील. त्या मालकाला आपण काय विकत घेतो आहोत हे स्वच्छ दिसावे, एवढी व्यवस्था तोपर्यंत उभी राहिली, तर "बॅटरी गेली तर?" या प्रश्नाला त्याच्या हातातला कागदच उत्तर देईल.